सावलीच्या पट्ट्यात दुरंगी शेफ्लेरा कसा वाढवायचा

आमच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या घरांना बाग म्हणून जे मिळतं ते म्हणजे इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधला सहा-सात फुटांचा पट्टा. आमच्या वाट्याला उत्तरेकडचा आला. आधीच्या भाडेकरूंनी तिथे मोगरा लावला होता, त्याच्या काटक्या शिल्लक होत्या. मी जास्वंद लावून बघितली. तिने पहिल्या उन्हाळ्यात चार फुलं दिली आणि मग उजेड शोधत नुसती उंच होत गेली. फुलांचा नाद सोडला तेव्हा कुठे त्या जागेचं काहीतरी होऊ लागलं.

सावलीत रंग हवा असेल तर तो पानांतून मिळवायचा, हे बहुतेकांना माहीत असतं. म्हणून लोक नर्सरीत जाऊन पिवळ्या-हिरव्या पानांचं, म्हणजे नर्सरीवाल्यांच्या भाषेत ‘व्हेरिगेटेड’ झाड आणतात आणि सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात लावतात. गोची इथेच होते. पानाचा पिवळा भाग अन्न तयार करत नाही किंवा फारच कमी करतो. सगळं पान हिरव्या भागाच्या कमाईवर जगतं. त्यामुळे त्याच जातीच्या साध्या हिरव्या झाडापेक्षा दुरंगी झाडाला उजेड जास्त लागतो. आणि कडक ऊन मात्र सोसत नाही, कारण पिवळा भाग आधी करपतो. या दोहोंच्या मधली जागा शोधणं हेच निम्मं काम आहे. उरलेलं निम्मं कात्रीचं.

मी शेफ्लेरा निवडला. पावसाळ्यात काड्या उलट्या झालेल्या छत्रीसारखं याचं पान असतं: एका देठाच्या टोकाला गोलाकार बसलेल्या सात-नऊ पर्णिका. मूळचा तैवान आणि हैनान बेटांवरचा. तिथल्या रानात तो बरेचदा दुसऱ्या झाडाच्या फांदीवर रुजतो, म्हणजे मोठ्या झाडांच्या गाळीव उजेडात वाढण्याची सवय त्याच्या रक्तातच आहे. वनस्पतिशास्त्रात आता त्याला हेप्टाप्ल्युरम आर्बोरिकोला म्हणतात, पण नर्सरीत हे नाव घेतलंत तर कोणी ओळखणार नाही. जमिनीत मोकळा सोडला तर दहा-बारा फूट जातो, छाटत राहिलं तर सहा-सात फुटांत राहतो. तळमजल्याच्या खिडकीसमोर याहून मोठं झाड नकोच.

पर्याय पाहिले नव्हते असं नाही. दुरंगी फायकस बेंजामिना दिसायला देखणा, पण त्याची मुळं फरशी उचलतात आणि ड्रेनेजच्या चेंबरमध्ये घुसतात. अरुंद पट्ट्यात तो लावू नका, कोणी फुकट दिला तरी. ‘साँग ऑफ इंडिया’ नावाचा ड्रॅसिना सावलीत चांगला राहतो (नावात इंडिया असलं तरी तो मादागास्कर-मॉरिशसकडचा), पण वाढ इतकी सावकाश की झाड म्हणावं असं रूप यायला वर्षं जातात. आणि एकाने मला पांगारा सुचवला होता, कारण त्याचं शास्त्रीय नाव एरिथ्रिना व्हेरिगाटा. ते नाव बागेत जपलेल्या पिवळ्या शिरांच्या प्रकारावरून आलंय. आपला रानातला पांगारा हिरव्याच पानांचा, काटेरी आणि पक्का उन्हातला गडी.

आधी सावली मोजा

नर्सरीत जाण्याआधी हे करा. आमच्या अक्षांशावर उत्तरेची सावली वर्षभर सारखी नसते आणि मी याच गोष्टीवर आपटले.

पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तरेला आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी चाळीस फुटी इमारतीची सावली उत्तरेकडे सुमारे छत्तीस फूट पडते. आमचा सात फुटांचा पट्टा तिच्यात पूर्ण बुडालेला. २१ मार्चला तीच सावली तेरा-साडेतेरा फुटांवर येते. एप्रिलच्या मध्यात जेमतेम सहा फूट. मग मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, त्या दिवशी भर दुपारी उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच असते. पुण्यात तो १३-१४ मेच्या आसपास, मुंबईत १५ मेच्या. तिथून जुलैच्या शेवटी दुसरा शून्य सावलीचा दिवस येईपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. म्हणजे जी जागा तुम्ही वर्षभर सावलीची समजता ती भर उन्हाळ्यात थेट डोक्यावरच्या उन्हात येते. शिवाय मार्चच्या शेवटापासूनच सूर्य पूर्वेच्या जरा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या जरा उत्तरेला मावळतो, त्यामुळे पट्ट्याच्या दोन्ही टोकांतून सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आत शिरतं.

मी फेब्रुवारीत झाड लावलं. जागा छान, शांत, गारेगार. एप्रिलच्या शेवटी एका रविवारी सकाळी बघते तर पश्चिमेकडच्या सगळ्या पानांचा पिवळा भाग तपकिरी, कागदासारखा कुरकुरीत, आणि हिरवा भाग तसाच शाबूत. कोणीतरी उदबत्तीने पिवळं तेवढं जाळत गेल्यासारखं. मला आधी रोग वाटला, एक बुरशीनाशकही मारून झालं. शेवटी संध्याकाळी पाच वाजता खुर्ची टाकून बसले तेव्हा कळलं. शेजारच्या दोन इमारतींच्या फटीतून तासभर ऊन नेमकं तिथेच येत होतं.

तेव्हा तुम्ही असं करा. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी साडेचार अशा तीन वेळा जागेवर जा. (आपल्याकडे सूर्य बाराला नाही, साडेबाराच्या सुमाराला माथ्यावर येतो.) वहीचं पांढरं पान जमिनीपासून तीन फुटांवर आडवं धरा आणि त्याच्यावर वीतभर उंचीवर हात. सावलीची कड कोरीव दिसली तर तिथे थेट ऊन आहे. हाताचा आकार ओळखू येतोय पण कड पुसट आहे, तर ती दुरंगी शेफ्लेराची जागा. सावलीच दिसत नसेल तर तिथे तो जगेल, पण रंग पोपटीकडे जाईल आणि पानांमधलं अंतर वाढत जाऊन झाड किडकिडीत होईल. शक्य असेल तर हीच तपासणी एकदा हिवाळ्यात आणि एकदा एप्रिल-मेमध्ये करा. तेवढं थांबवत नसेल तर निदान झाड पहिलं वर्ष कुंडीत ठेवा आणि कुंडी सरकवत राहा. जमिनीत लावायची घाई मला महागात पडली.

जागा जरा जास्तच अंधारी असेल तर एक स्वस्त उपाय आहे: समोरची कंपाउंडची भिंत पांढरी करा. आम्ही साधा चुना मारला. राखाडी प्लास्टरवरून परत फिरणारा उजेड आणि पांढऱ्या भिंतीवरून फिरणारा उजेड यांत फरक इतका होता की स्वयंपाकघरातही तो जाणवला.

रोप निवडताना

नर्सरीत ‘शेफलेरा’ किंवा ‘अंब्रेला’ म्हणून विचारा. दुरंगीमध्ये साधारण दोन प्रकार सहज दिसतात. ‘गोल्ड कॅपेला’त पानाच्या मध्यावर पिवळा शिडकावा आणि कडा हिरवी राहते, ‘ट्रिनेट’मध्ये फिकट पिवळा-पांढरट रंग मोठमोठ्या पट्ट्यांत येतो. सावली जास्त असेल तर ज्यात हिरवं जास्त आहे ते रोप घ्या. लोक उलट करतात, जितकं पिवळं तितकं छान म्हणून उचलतात. पिवळं जास्त म्हणजे कमावणारा भाग कमी.

ऑस्ट्रेलियातला मोठा शेफ्लेराही कधीकधी याच नावाने विकतात. त्याची पानं वीतभरापेक्षा मोठी आणि तो इमारतीच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचणारा. पानांचा आकार बघा, शंका आली तर सोडा.

एका काळ्या पिशवीत बहुतेक वेळा तीन रोपं एकत्र भरलेली असतात, म्हणजे झुडूप गच्च दिसतं. झाडासारखं रूप हवं असेल तर एकच जाड खोड असलेलं शोधा, किंवा तीन खोडांचं झाड ठेवायचं हे आधीच ठरवा. वेणी घातलेली खोडं मी टाळते. खोडं जाड होत जातात तशी एकमेकांत रुततात. पान उलटं करून बघा, देठाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही असेल तर तो पिठ्या ढेकूण. पानाला हात लावल्यावर चिकट लागलं तरी तेच. ते रोप परत ठेवा आणि त्याच्या शेजारचंही घेऊ नका.

आणल्यावर लगेच लावू नका. दहा-पंधरा दिवस ठरलेल्या जागेवर पिशवीसकट ठेवा. नर्सरीच्या शेडनेटमधून आलेलं रोप थोडी पानं गाळणारच.

खड्डा आणि माती

शहरातल्या कुठल्याही इमारतीच्या कडेला खणा, वीतभर लाल माती आणि त्याखाली राडारोडा लागतो. आमच्या दोन फुटी खड्ड्यातून निघालं ते असं: विटांचे तुकडे, टाइल्स, सिमेंटचे गोळे, एक गंजलेला पाना आणि भांड्याचं झाकण. राडारोडा फक्त मुळांच्या आड येत नाही. सिमेंट आणि चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते आणि मग झाडाला लोह नीट घेता येत नाही. म्हणून खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खणा आणि कचरा हाताने वेचून काढा.

मग खड्डा बादल्यांनी भरा आणि चहा करायला जा. एकदा जिरू द्या, दुसऱ्यांदा भरा. दुसरं पाणी दोन-तीन तासांत जिरलं तर उत्तम. रात्रभर तसंच राहिलं तर खाली चोपण काळी माती आहे आणि तुमचा खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली बादली. तिच्यात कितीही चांगली माती भरली तरी पावसाळ्यात मुळं कुजतील. अशा जागी खड्ड्यापेक्षा उंचवटा बरा. आजूबाजूपेक्षा सहा ते आठ इंच उंच गादी करा, कडेला विटा लावा आणि त्यात लावा. मी आता सगळंच असं लावते.

भरायला: खड्ड्यातलीच साफ केलेली माती दोन घमेली, लाल माती एक, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक, अर्धं घमेलं जाडसर वाळू आणि दोन ओंजळी निंबोळी पेंड. कोकोपीट जमिनीत घालू नका. सावलीत ते आठवडाभर ओलं राहतं, मुळांना नेमकं तेच नको असतं. कुंडीत घालायचं असेल तर चौथ्या हिश्श्यापेक्षा कमी.

लागवड जूनमध्ये, मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. कोकणात आणि मुंबईत मात्र जून-जुलैचा मार ओसरू द्या, श्रावणसरींत लावा. गोव्याकडेही तेच. भिंतीपासून तीन-चार फूट आणि ड्रेनेजच्या चेंबरपासून सहा फूट तरी अंतर ठेवा. पिशवी ब्लेडने उभी कापा, मातीचा गोळा फुटू देऊ नका, पण तळाशी मुळं वेटोळं घालून बसली असतील तर ती बोटांनी सोडवा किंवा तीन-चार जागी काप द्या. खोड पिशवीत जितकं मातीत होतं तितकंच इथे राहील असं बघा. खोडाला माती चढवली की ते कुजतं. वर दोन इंच पालापाचोळा पसरा, खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडून.

सोसायटीच्या सामाईक जागेत लावत असाल तर कमिटीला आधी विचारा. शहरी भागात झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, त्यामुळे ‘नंतर बघू, नको असेल तर काढू’ हे वाटतं तितकं सोपं नसतं.

पाणी

सावलीतली बहुतेक झाडं तहानेने मरत नाहीत, बुडून मरतात. रोज पाणी घालायचं वेळापत्रक करू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, टोकाला ओल लागली तर त्या दिवशी नको. आमच्याकडे हिवाळ्यात हे आठवड्यातून एकदा पडतं, एप्रिल-मेमध्ये तीनदा, पावसाळ्यात शून्य. पानं पिवळी पडून गळायला लागली आणि माती ओली असेल तर पाणी जास्त झालंय. नवी पानं मलूल आणि माती भेगाळलेली असेल तर कमी.

रस्त्याची धूळ हा पुण्यातला वेगळा विषय. धुळीचा थर म्हणजे उरल्यासुरल्या उजेडावर घातलेलं झाकण. पंधरा दिवसांनी पाइपने पानं वरून आणि खालूनही धुवा, सकाळीच. तेल, दूध, नारळाचं पाणी लावून पानं चमकवायचे प्रयोग करू नका, धूळ त्यावर अजून चिकटते.

हिरवा फाटा

आता कात्रीकडे येते. नव्या माणसाचा हात सगळ्यात जास्त अडखळतो तो इथे.

दुरंगी झाडाच्या शेंड्यात दोन तऱ्हेच्या पेशी थरांनी एकावर एक असतात. काही थरांतल्या पेशी हिरवा रंग बनवू शकतात, काहींतल्या नाही. हे थर जोवर आपापल्या जागी आहेत तोवर नवीन पान दुरंगी येतं. एखाद्या डोळ्यात (फांदी जिथून फुटते त्या अंकुरात) ही रचना विस्कटली आणि फक्त हिरव्या पेशीच पुढे आल्या की तिथून निघणारा फाटा संपूर्ण हिरवा. स्नेक प्लांटवर हेच घरी करून बघता येतं. पिवळ्या काठाच्या पानाचा तुकडा मातीत खोचा, त्यातून जे रोप येतं त्याला पिवळी काठ नसते.

हिरवा फाटा वाईट दिसतो म्हणून काढायचा नसतो. तो पूर्ण पानभर कमावतो, म्हणून दुरंगी फांद्यांपेक्षा दुप्पट जोमाने वाढतो, त्यांच्यावर सावली धरतो, आणि दोन-तीन वर्षांत तुमच्याकडे साधं हिरवं झाड उरतं.

आमच्या झाडाला दुसऱ्या पावसाळ्यात गुडघ्याच्या उंचीवर असा फाटा फुटला. जाड, तुकतुकीत, सरळ. महिन्यातून एकदा येणाऱ्या माळीमामांना म्हटलं, हा काढा. ते कात्री हातात धरून उभेच राहिले.

“ताई, सगळ्या झाडात हाच तर एक धड वाढतोय. बाकीची पिवळी बघा, कावीळ झाल्यासारखी. कापायचीच तर ती कापा.”

मलाही पटलं, खोटं कशाला बोलू. फाटा राहिला. दिवाळीपर्यंत तो माझ्या डोक्यावर गेला, होळीला त्याच्याखालच्या दुरंगी फांद्यांवर शेंड्याला चार-चार पानं उरली होती. मग काढला तेव्हा झाड एका बाजूला बोडकं झालं आणि ती बाजू भरायला पुढचा सबंध पावसाळा गेला. तो फाटा बोटभर असताना नखाने खुडता आला असता.

काढायची पद्धत: फाटा जिथून निघाला ती जागा शोधा. शेंडा छाटून उपयोग नाही, खालच्या डोळ्यांतून पुन्हा हिरवंच येईल. दुरंगी पान असलेल्या शेवटच्या पेरापर्यंत मागे जा आणि तिथे, फांदीला चिकटून कापा. बुंध्यातून आला असेल तर माती थोडी बाजूला करून मुळापासून काढा. पावसाळ्यात दर पंधरवड्याला एकदा झाडाभोवती फिरा, वाकून आतून बघा. बाहेरून हे फाटे दिसत नाहीत.

उलटंही होतं, एखादा फाटा संपूर्ण पिवळा किंवा पांढरट येतो. तो फार सुंदर दिसतो आणि सगळे त्याचे फोटो काढतात. एखादा असू द्या. जास्त झाले तर काढा, ते खातात पण कमवत नाहीत, आणि मेमध्ये तसेही जळतात.

झाडाचं रूप देणं

आपोआप सोडला तर शेफ्लेरा कमी फांद्यांचा, उजेडाकडे कललेला होतो. एका बांबूला खोड सैल बांधा, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा देऊन, म्हणजे साल घासणार नाही. खालच्या तीन-साडेतीन फुटांवरचे कोवळे डोळे खुडत जा, पण पानं लगेच काढू नका. खोड जाड व्हायला ती लागतात. खोड साडेचार फुटांवर गेलं की शेंडा खुडा. दोन-तीन फुटवे येतील, ते वीतभर झाले की त्यांचेही शेंडे खुडा. असं तीनदा केलं की छत्री तयार होते. मोठी छाटणी जूनमध्ये करा, हिवाळ्यात नको.

छाटताना हातमोजे घाला. याच्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात (अळूने घसा खवखवतो तो याच पदार्थामुळे). हाताला खाज येते, तोंडात गेलं तर जीभ आणि घसा सुजतो. घरात रांगतं मूल, कुत्रा किंवा मांजर असेल तर छाटलेल्या फांद्या पट्ट्यात पडू देऊ नका.

पावसाळ्यात खोडातून तपकिरी दोऱ्यांसारखी मुळं लोंबू लागतील, मुंबई-कोकणात तर हमखास. घाबरू नका, फांदीवर रुजणाऱ्या झाडाची ती जुनी सवय आहे. आवडली तर ठेवा.

खत

वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, दोन ओंजळी गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड. बस. युरियाच्या भानगडीत पडू नका, त्याने कोवळी, लुसलुशीत वाढ होते आणि पिठ्या ढेकणाला आमंत्रण जातं.

कीड आणि पिवळेपणा

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड, हे दोन नेहमीचे पाहुणे. खाली पानांवर आधी चिकटपणा येतो, मग त्यावर काजळीसारखी काळी बुरशी. लोक काजळी पुसत बसतात आणि वरच्या फांदीवरची कीड तशीच राहते. मुंग्यांची रांग खोडावर चढताना दिसली तर समजा वर कीड आहे. मुंग्या त्या गोड चिकासाठी तिची राखण करतात. कीड थोडी असेल तर जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने काढा. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिलि कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे काही थेंब, आठवड्याच्या अंतराने तीनदा, सूर्य मावळल्यावर आणि पानांच्या खालच्या बाजूने. एका फवारणीत काही होत नाही, अंडी उरतात.

उन्हाळ्यात पानांवर बारीक फिकट ठिपके आणि खाली जाळी दिसली तर तो लाल कोळी. कोरडी हवा त्याला मानवते. पाइपच्या जोरदार पाण्याने पानं धुतली की बराचसा जातो.

दुरंगी झाडाचा एक खास त्रास म्हणजे पिवळेपणा ओळखू येत नाही. मुळात पिवळंच पान, त्यात आजाराचं पिवळं कुठलं? मी फक्त हिरवा भाग बघते. नव्या पानाच्या हिरव्या भागातच शिरा गडद आणि मधली जागा फिकट झाली असेल तर लोह कमी पडतंय. पट्ट्यात राडारोडा असेल तर हे होणारच. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड फेरस, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, मिळतं, पाकिटावरच्या मात्रेनेच फवारा. खालची जुनी पानं एकेक करून पूर्ण पिवळी होऊन गळत असतील तर ते वयोमान, त्याकडे लक्ष देऊ नका.

थंडीचा प्रश्न पुण्यात फारसा येत नाही. निफाडसारख्या ठिकाणी, जिथे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, तिथे कुंड्या रात्री भिंतीला टेकवून ठेवा. परदेशात थंड गावी असाल तर हे झाड कुंडीतच ठेवायचं आणि रात्री दहा अंशांखाली जायला लागलं की घरात आणायचं.

एक सांगायचं राहिलं. हे बागेतलं झाड आहे, टेकडीवरच्या वृक्षारोपणाला ते नेऊ नका. सह्याद्रीच्या सदाहरित रानात शेफ्लेराचे देशी भाऊबंद आहेत, तिथे परक्याची भर नको.

दुसरं रोप करायचं तर

बी कधी धरलंच तरी त्यातून दुरंगी रोप येईल याची खात्री नाही, म्हणून फांदीच घ्यावी लागते. पावसाळ्यात सहा इंचांची अर्धवट पक्की फांदी कापून खोचली तरी महिना-दीड महिन्यात मुळं धरते, पण मी गुटी कलम करते. पेन्सिलीएवढी, रंग चांगला उतरलेली फांदी निवडा. हिरव्याकडे झुकणारी नको आणि फार पिवळीही नको. जुलैच्या सुरुवातीला तिच्यावरची एक इंच रुंद साल बांगडीसारखी काढा, आतला बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने खरवडा. भिजवून घट्ट पिळलेलं मॉस (नर्सरीत मिळणारं सुकं शेवाळ) मूठभर त्याभोवती दाबा, पारदर्शक प्लास्टिक गुंडाळा आणि दोन्ही टोकं सुतळीने आवळा. वरची गाठ जास्त घट्ट, नाहीतर पावसाचं पाणी आत साचतं.

सहा ते आठ आठवड्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. ती पांढरी असताना कापू नका, जरा तपकिरी होऊ द्या. गुटीच्या खाली कापून, मॉस न काढता, लहान पिशवीत लावा आणि निम्मी पानं कमी करा. पुढचे दोन महिने पिशवी आईझाडाच्याच सावलीत ठेवा, आणि मार्च उजाडायच्या आत कागद घेऊन तिची पुढची जागा तपासून या.